परसातला पडदा

परसात सिनेमा लावायचा म्हटलं की माणसं पहिल्यांदा प्रोजेक्टरची किंमत विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, तुमच्या मागच्या अंगाला रात्रभर कुणाचा दिवा जळतो? रस्त्याचा खांब कुठल्या बाजूला आहे? शेजारच्या पडवीतला बल्ब किती वॅटचा? चांगल्या चित्राचं निम्म्याहून जास्त काम या उत्तरांवर अवलंबून असतं, आणि दुकानदार त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मी धंद्याने वायरमन. कराडच्या अलीकडे कृष्णाकाठच्या एका गावात राहतो. घरामागे शेवगा, नारळ, धुण्याचा दगड आणि त्यांच्या मधे बरी मोकळी जागा आहे. दिवाळी सरली की तिथे पडदा उभा राहतो तो वळवाचा पाऊस सुरू होईपर्यंत. घरची माणसं, भावकी, शेजारची पोरं एवढाच प्रेक्षक. माझे वडील, आबा, तरुणपणी टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पुसेगाव, पाली, म्हसवड, जत्रा असेल तिथे तंबू जायचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या अशा तंबूंच्या शेवटच्या काळावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. घरात तो पाहताना आबा पडद्याकडे कमी आणि मशीनकडे जास्त बघत होते.

अंधाराचा धडा मला आबांनीच दिला. खेळ सुरू करण्याआधी ते तंबूतल्या सगळ्या गॅसबत्त्या विझवायला लावायचे, चहावाल्याचीसुद्धा, आणि मशीन बंद ठेवून नुसत्या पडद्याकडे बघायचे. पडदा दिसला तर कुठून तरी उजेड येतोय, तो शोधायचा. तंबूची फट असली तर घोंगडं टाकायचं. पडदा दिसेनासा झाला की मगच मशीनमधला कार्बनचा दिवा पेटवायचा.

त्यामागचं कारण साधं आहे. प्रोजेक्टर उजेड फेकतो, काळोख फेकू शकत नाही. चित्रातला काळा केस, रात्रीचं आभाळ, डोळ्याची बाहुली या जागी मशीन काहीच करत नाही. तिथे तुम्हाला दिसतं ते नुसतं कापड. त्या कापडावर बाहेरचा जेवढा उजेड पडेल तेवढाच तुमचा ‘काळा’ उजळ. मग सगळं चित्र पिठूळ, धुरकट दिसतं आणि माणूस म्हणतो, प्रोजेक्टर हलका निघाला.

आता आकडे घेऊ. सहा फूट उंच आणि पावणेअकरा फूट रुंद पडदा म्हणजे साधारण सहा चौरस मीटर. आजच्या रुंद चित्राला हे माप बसतं. खरे १००० ल्युमेन देणाऱ्या मशीनने हा पडदा पूर्ण पांढरा उजळला, तर कापडावर सुमारे १६५ लक्स पडतात. थिएटरात पडद्याची चमक ४८ निट धरतात. पांढऱ्या, न चमकणाऱ्या पडद्यावर त्याला साधारण १५० लक्स लागतात. म्हणजे १००० ल्युमेनमध्ये काम होतं. पण रस्त्याच्या एलईडीचे दहा लक्स जर याच पडद्यावर पडत असतील, तर चित्रातला सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्याच्या जेमतेम सतरा-अठरा पट उजळ राहतो. दुप्पट ताकदीचं मशीन आणलं तरी मजल पस्तीस पटीपर्यंत नाही जात. तेच, पडद्याचं तोंड फिरवून बाहेरचा उजेड दहा लक्सवरून एकावर आणला, तर जुन्याच मशीनवर हा फरक दीडशे पटींच्या पुढे जातो. पडदा फिरवायला एक पैसा लागत नाही.

लोक मला विचारतात की अमावास्या बघून कार्यक्रम ठेवायचा का. गरज नाही. डोक्यावर आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. चित्राला तो फारसा बाधत नाही. आमच्याकडे पौर्णिमेच्या रात्रीही सिनेमा छान दिसतो. बाधतो तो वीस फुटांवरचा नऊ वॅटचा बल्ब. म्हणून संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे लेकीला पाठवतो. “काकू, दोन तास पडवीतला दिवा घालवता का? आणि तुम्हीपण या.” दिवा जातो, काकूही येतात. रस्त्याच्या खांबाला मात्र हात लावू नका. तो आपला नाही आणि त्यावर चढणं जिवावरचं काम आहे. खांबाकडे पडद्याची पाठ करा, म्हणजे त्याचा उजेड मागच्या अंगावर पडेल.

पाठीवर पडलेला उजेड पुढे झिरपू नये, हे पडद्याचं पहिलं काम. गणपतीत गल्लीत आडवं कापड बांधून सिनेमा लावायचे तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. मागच्या बाजूला बसलेल्यांना पाट्या उलट्या दिसायच्या आणि सगळे नट डावखुरे वाटायचे. मागे एवढं स्वच्छ दिसायचं याचा अर्थ उजेडाचा मोठा वाटा कापडातून पलीकडे जात होता, पुढच्यांच्या डोळ्यापर्यंत तो येतच नव्हता. ज्यांना दोन्हीकडे माणसं बसवायची आहेत त्यांच्यासाठी ते कापड योग्य. परसात एकाच बाजूला बसायचं असेल तर पडद्यामागे काळं कापड लावा.

पडदा कशाचा करायचा? मागच्या अंगाला सपाट भिंत असेल आणि ती रस्त्याच्या दिव्याकडे तोंड करून नसेल, तर मी दुसरं काही करायला सांगणार नाही. गिलावा खरबरीत असल्यास पुट्टीने सारखा करून घ्या आणि चुन्याचे दोन हात मारा. चुन्याला चकाकी नसते, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि कडेला बसलेल्यालाही चित्र तेवढंच दिसतं. ऑइल पेंट नको, मशीनचा गोल डाग मधोमध चमकतो. आणखी एक गोष्ट मी गवंड्याला आवर्जून बजावतो: चुन्यात नीळ घालायची नाही. निळीने भिंत दिवसा शुभ्र दिसते, पण रात्री तीवर माणसांचे चेहरे आजारी दिसतात. कापडी पडदा धुतानाही तेच पाळावं.

भिंत नसेल तर कापड. चादरीसाठी नव्वद इंच पन्ह्याचं पांढरं जाड सुती कापड मिळतं. ते आडवं घेतलं की सहा फूट उंचीत कुठेही जोड येत नाही, चारी बाजूंना दुमडायला जागाही उरते. कोरा मांजरपाट स्वस्त पडतो, पण त्यात पिवळट झाक असते आणि चित्रही पिवळं येतं. दोन-तीनदा धुतल्यावर बरा होतो. बॅनर छापणाऱ्यांकडे मागून काळा असलेला कोरा फ्लेक्स मिळतो. त्यातून उजेड अजिबात झिरपत नाही, सुरकुत्याही कमी पडतात, पण वारा धरतो आणि आवाजही अडवतो. थिएटरातल्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, कारण भोंगे पडद्यामागे ठेवलेले असतात आणि आवाज नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटावा लागतो. कापडातून आवाज येतो, फ्लेक्समधून येत नाही. मी कापड वापरतो.

चारी कडांना तीन-चार इंचांची काळी पट्टी शिवून घ्या. आबा तिला ‘चौकट’ म्हणायचे. मशीनचं चित्र कडेला थोडंफार सांडतं ते ती गिळते, आणि काळ्याच्या शेजारी पांढरा जास्त पांढरा दिसतो. एका मीटर कापडाच्या खर्चात चित्राला एवढा उठाव दुसऱ्या कशानेही येत नाही.

आता वारा. सहा चौरस मीटरचं कापड म्हणजे होडीचं शीड. ताशी वीस किलोमीटरचा साधा वारा त्यावर चौदा किलोंच्या आसपास जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो: चाळीसच्या झोताला पंचावन्न किलो. म्हणून पडदा ज्यावर ताणायचा तो सांगाडा नुसता जमिनीवर टेकवून चालत नाही. दीड इंची जीआय पाइप किंवा पोक्त, वाळलेले बांबू दोन फूट खड्ड्यात गाडा आणि प्रत्येक खांबाला मागून-पुढून ताण-दोरी देऊन ती खुंटीला बांधा. फरशीवर उभं करायचं असेल तर पायाशी पाण्याने भरलेले वीस लिटरचे जार, तेही एकेका बाजूला दोन-तीन. कापड सांगाड्याला सुतळीने आवळू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापा आणि फुटाफुटावर त्यांनी बांधा. झोत आला की ट्यूब ताणते, कापड फाटत नाही, झोत गेला की पडदा पुन्हा ताठ. मे महिन्यात वळीव अंगावर येताना खालची बांधणी सोडून द्यावी, कापड फडफडू द्यावं आणि माणसांना घरात पाठवावं.

ताठ पडदा हा सौंदर्याचा विषय नाही. एक सुरकुती नायिकेच्या गालावरून गेली की पुढचे दोन तास डोळा तिथेच अडकतो.

अशा परसातल्या कापडातून एक मोठा धंदा उभा राहिला, हे फार कमी जणांना माहीत असतं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाचे गृहस्थ मोटारींच्या तेल-पॉलिशच्या व्यवसायात होते. त्यांनी आपल्याच घराच्या आवारात दोन झाडांना चादर ठोकली, मोटारीच्या बॉनेटवर १९२८ सालचा कोडॅक प्रोजेक्टर ठेवला आणि चादरीमागे रेडिओ लावून आवाजाचा अंदाज घेतला. पाऊस पडला तर काय दिसेल, हे बघायला बागेला पाणी मारायचा फवारा मोटारीवर सोडला. मागच्या मोटारीला पुढची आड येऊ नये म्हणून चाकांखाली ठोकळे घालून उंचीचा हिशेब काढला. या खटपटीवर त्यांना १६ मे १९३३ रोजी पेटंट मिळालं, आणि ६ जूनला कॅमडेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर सुरू झालं. घरामागे चादर लावून नीट विचार करणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

ड्राइव्ह-इनचं सुरुवातीचं मोठं दुखणं आवाजाचं होतं. भोंगे पडद्याजवळ, मोटारी लांब, त्यामुळे आवाज वाढवावा लागे आणि आजूबाजूच्या वस्तीला त्रास होई. पुढे १९४० च्या दशकात प्रत्येक मोटारीसाठी वेगळा छोटा स्पीकर आला. परसातही हाच उपाय. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. प्रेक्षकापासून दोन मीटरवरच्या स्पीकरने कानाला ७० डेसिबल दिले, तर त्या स्पीकरपासून सोळा मीटरवरच्या शेजारघरी ५२ च्या आसपास पोहोचतात. तेच ७० तुम्ही आठ मीटर लांबच्या स्पीकरकडून मागितले, तर ॲम्प्लिफायरला सोळापट ताकद लावावी लागते आणि त्या घरी ६४ जातात. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे, आणि नियमातला ‘दिवस’ रात्री दहापर्यंत. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. म्हणून दोन लहान स्पीकर सतरंजीच्या दोन कोपऱ्यांना, तोंड माणसांकडे, आणि बेस खाली. ढुमढुम भिंती पार करून लांब जाते. संवादाला तिचा काही उपयोग नाही. पडद्याखाली मधोमध आणखी एक स्पीकर हळू आवाजात ठेवला की बोलणं पडद्यातून आल्यासारखं वाटतं.

ब्लूटूथ नको. त्यात आवाज थोडा मागून येतो, आणि ओठ आधी हलून शब्द नंतर ऐकू आला की माझ्या आईसारखं चित्रपटात बुडून जाणारं माणूस बेचैन होतं. साधी वायर ओढा.

विजेबद्दल मी थोडं जास्त बोलणार, कारण माझं पोट त्यावर आहे. प्रोजेक्टर अडीच-तीनशे वॅट घेतो, ॲम्प्लिफायर त्याहून कमी. लोड किरकोळ आहे. भीती ओलीची आहे. हिवाळ्यात रात्री आठनंतर दहिवर पडायला लागतं, गवत ओलं होतं, पोरं अनवाणी असतात. घराच्या बोर्डात गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर आधी ती बसवून घ्या, सिनेमा नंतर. एक्स्टेन्शनची वायर तीन तारांचीच हवी, अर्थिंग जिवंत हवं. गुंडाळीवरची वायर पूर्ण सोडून पसरावी, गुंडाळलेली वायर लोडवर तापते. जोड जमिनीवर नको; दोन विटांवर उचलून वर उलटं घमेलं. आणि लॅपटॉप, प्रोजेक्टर, ॲम्प्लिफायर हे सगळं एकाच बोर्डावर घ्या. वेगवेगळ्या खोल्यांतून वीज घेतली की स्पीकरमधून भुणभुण येते आणि माणसं स्पीकर बदलत बसतात. जुन्या बल्बचं मशीन असेल तर त्याला छोटा यूपीएस द्या. अचानक लाइट गेली की आतला पंखा थांबतो, बल्ब तापलेला राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

मशीन विकत घेण्याआधी एकदा भाड्याने आणून बघा. लग्नकार्याला पडदे लावणारे मंडपवाले देतात. खोक्यावर मोठमोठे ल्युमेन छापलेले असतात. ‘एएनएसआय ल्युमेन’ असं लिहिलेला आकडा शोधा, बाकीचे सोडून द्या. सहा चौरस मीटरच्या कापडासाठी दीड हजार पुरेसे होतात. मशीनचा थ्रो, म्हणजे अंतराचं चित्राच्या रुंदीशी प्रमाण, दीड असेल तर सव्वातीन मीटर रुंद चित्राला ते पाच मीटरहून थोडं कमी अंतरावर ठेवावं लागतं. ठेवायचं पडद्याच्या बरोबर मधल्या रेषेत. तिरकं ठेवून बटणाने चौकोन सरळ करता येतो, पण त्यात चित्राचे ठिपके वाया जातात आणि अक्षरं भुसभुशीत होतात. स्टूल हलवणं सोपं.

किड्यांचा बंदोबस्त पूर्ण होत नाही. पांढऱ्या-निळ्या दिव्याकडे ते जास्त येतात, म्हणून वाटेवर दिवा हवाच असेल तर तो पिवळा आणि मंद ठेवा. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात तेव्हा तर पडदा गुंडाळलेलाच बरा.

मग वेळ. सूर्य मावळताना आभाळात काही शे लक्स असतात; पाऊण तासात ते एकाच्या खाली येतात. आमच्या भागात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेअखेरीस सातच्या पुढे. म्हणजे थंडीत पावणेसातला सुरू करून दहापर्यंत सव्वातीन तास हातात येतात, ‘मुघल-ए-आझम’ त्यात जवळजवळ मावतो. उन्हाळ्यात सव्वादोन तासच. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ एकशे एकतीस मिनिटांचा आहे. मेच्या रात्रीला तो नेमका बसतो. घरगुती बैठकीच्या पलीकडे, तिकीट लावून किंवा चौकात सगळ्यांना दाखवायचं असेल, तर चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागते. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो; कथा-संगीताचे हक्क वेगळे असू शकतात.

नव्याने पडदा लावणाऱ्याला पहिल्या खेळासाठी मी मूकपट सुचवतो. दादासाहेब फाळके प्रोजेक्टर बैलगाडीत घालून गावोगाव गेले होते. त्यांच्या चित्रपटांना उघडं आभाळ नवं नाही. त्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा शिल्लक आहे. त्यात बाळकृष्ण झालीय ती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पाण्यातल्या नागाशी ती जे काही करते ते शंभर वर्षांनंतरही पोरांना जागेवरून उठवतं. आमच्याकडे तो लावला तेव्हा भजनी मंडळाला बोलावलं होतं. पेटी, पखवाज, टाळ सतरंजीच्या कडेला. बुवांनी आधी दुपारी एकदा मोबाइलवर चित्रपट पाहून ठेवला आणि कुठे कोणती चाल घ्यायची ते पेटीवाल्याला सांगितलं. मधल्या पाट्या लेकीने मोठ्याने वाचल्या. नाग वर आला तेव्हा पखवाजाने दुगुण धरली आणि मागे खुर्चीत बसलेले आबा, ज्यांनी तरुणपणी हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायच्या आत पुढचं तयार ठेवलं, पहिल्यांदाच मशीनकडे पाठ करून पडदा बघत होते. ॲम्प्लिफायर त्या रात्री काढलाच नव्हता.